चावी फिरवल्याने ओझं हलकं होत नाही

चढावर पिकअप अचानक ओढेनाशी झाली, की मालकाला तीन उत्तरं ऐकवली जातात. माल जास्त भरलात. डिझेल कुठलंतरी टाकलंत. तुमच्या ड्रायव्हरला नवी गाडी झेपत नाही. सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर हेच ऐकायला मिळतं आणि गाड्यांविषयी अधिकाराने बोलणारी जाणती माणसंही हेच सांगतात. सगळ्यांच्या म्हणण्याचं सार एकच: बीएस-६ या प्रदूषण मानकाची गाडी उत्तम आहे, दोष वापरणाऱ्याचा आहे, तो सुधारला की तक्रारी आपोआप थांबतील.

हे म्हणणं मला मान्य नाही. त्यात जेवढं तथ्य आहे तेवढं मी नाकारणार नाही. पण त्या तथ्याच्या आडोशाने खरा प्रश्न बाजूला सारला जातो. आजच्या डिझेल पिकअपची ताकद अचानक जाते तेव्हा बऱ्याचदा ती गाडीतल्या संगणकानेच कमी केलेली असते. का कमी केली याची नोंदही तो करून ठेवतो. आणि ज्याच्या नावावर गाडी आहे, ज्याच्या खिशातून दर महिन्याला हप्ता जातो, त्यालाच ती नोंद दाखवली जात नाही. माझा वाद या लपवाछपवीशी आहे.

आधी ओव्हरलोडचा आरोप घेऊ, कारण तो सगळ्यात सोपा आणि सगळ्यात जास्त वापरला जाणारा आहे.

एप्रिल-मे महिन्यात रत्नागिरीकडून हापूसच्या पेट्या भरून कोल्हापूरकडे निघालेली पिकअप साखरपा मागे टाकून आंबा घाट चढू लागते. तिसऱ्या गिअरमध्ये गाडी व्यवस्थित चाललेली असते. एका वळणावर ड्रायव्हर पाय दाबतो आणि इंजिन उचल घेत नाही. ॲक्सिलरेटर तळाला टेकला तरी काटा ठरावीक आकड्याच्या वर सरकत नाही. समोर इंजिनच्या आकाराचा पिवळा दिवा पेटलेला. तो दुसरा गिअर टाकतो, मग पहिला. मागे एसटी आणि ट्रक हॉर्न देत उभे. जागा सापडेल तिथे गाडी कडेला घेऊन क्लीनर चाकाला दगड लावतो, ड्रायव्हर चावी बंद करतो, जरा वेळ थांबतो आणि पुन्हा स्टार्टर मारतो. गाडी पहिल्यासारखी ओढू लागते. आणखी काही वळणं चढून गेल्यावर पुन्हा तोच प्रकार.

चावी बंद-चालू केल्याने पेट्या कमी झाल्या नाहीत आणि घाटाचा चढही उतरला नाही. बदलली ती एकच गोष्ट: संगणकाने स्वतःहून घातलेली मर्यादा तेवढ्यापुरती उठली. ओझ्याने दमलेली गाडी अशी वागत नाही. ती घाटाच्या पायथ्यापासूनच खालचा गिअर मागते, हळूहळू मंदावते, पाण्याच्या तापमानाचा काटा चढवते. ती चावी फिरवून ताजीतवानी होत नाही. तेव्हा ‘बंद करून चालू केली की ठीक चालते’ असं मालक सांगत असताना त्याला ‘माल कमी भरा’ हे उत्तर देणं म्हणजे त्याचं म्हणणं ऐकूनच न घेणं.

ओव्हरलोडचं समर्थन मी करणार नाही. त्याने ब्रेक तापतात, टायर फुटतात, माणसं मरतात. त्याला दंड आहे आणि तो व्हायलाच हवा. पण हा दोष माल असतानाच का दिसतो, याचं उत्तर वेगळं आहे. चढावर भरलेली गाडी इंजिनकडे जास्त ताकद मागते, तेव्हाच टर्बोला जास्तीत जास्त हवा दाबावी लागते आणि डिझेलचा दाबही वर न्यावा लागतो. टर्बोच्या रबरी होजला बारीक चीर असेल किंवा डिझेल फिल्टर अर्धा तुंबला असेल, तर सपाट रस्त्यावर रिकाम्या गाडीला त्याचा पत्ताही लागत नाही. सर्व्हिस सेंटरमध्ये मात्र ट्रायल नेमकी रिकाम्या गाडीची, सपाट रस्त्यावर घेतली जाते. मेकॅनिक एक चक्कर मारून येतो आणि जॉब कार्डावर लिहितो: ‘ट्रायल घेतली, ओके.’ मालक गाडी घेऊन जातो आणि पुढच्या भाड्याला पुन्हा घाटात उभा राहतो.

संगणक ताकद का काढून घेतो, हे नीट समजून घेतलं तर रागाला योग्य दिशा मिळते. इंजिन, टर्बो किंवा धूर साफ करणारी यंत्रणा यांपैकी काही बिघडत असल्याची खूण सेन्सरने दिली, की तो डिझेल आणि टर्बोचा दाब कमी करतो. गाडी रांगत का होईना गॅरेजपर्यंत पोचावी, पण इंजिन जळू नये, हा त्यामागचा हेतू. हेतू योग्य आहे. पूर्वीच्या यांत्रिक पंपाच्या गाड्या अशी काही सूचना न देता पिस्टन जाम होईपर्यंत पळायच्या आणि मग मालकाला पूर्ण इंजिन खोलायचा खर्च यायचा. मी त्या काळाचं गुणगान गाणाऱ्यांपैकी नाही.

पण सूचना ज्याच्यासाठी आहे त्याला ती कळली तरच तिला अर्थ. संगणक प्रत्येक दोषाचा एक कोड साठवतो. उदाहरणार्थ, पी-०२९९ म्हणजे टर्बोचा दाब अपेक्षेपेक्षा कमी. पी-००८७ म्हणजे डिझेलच्या रेलमधला दाब कमी. पी-०४०१ म्हणजे धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात फिरवणाऱ्या ईजीआरमधून जायला हवा तेवढा वायू जात नाही. पी-२४६३ म्हणजे धूर गाळणाऱ्या डीपीएफमध्ये काजळी साठली. गाडीतल्या तपासणीच्या सोळा पिनांच्या सॉकेटला स्कॅनर लावला की असे कोड वाचता येतात. मालकाच्या पिवळ्या दिव्यात मात्र यातलं काहीच उमटत नाही. डिझेल फिल्टर बदलून निभावेल अशा दोषालाही तोच दिवा आणि टर्बो गेला तरी तोच दिवा.

कोड कळला म्हणजे रोग कळला, असंही नाही. गॅरेजांची मोठी चूक इथेच होते. पी-०२९९ दिसला की ‘टर्बो गेला’ असा निकाल देऊन हजारो रुपयांचं एस्टिमेट हातात ठेवणारे कमी नाहीत. दाब कमी पडण्याची कारणं पुष्कळ असतात: इंटरकूलरच्या होजला चीर, ढिला पडलेला क्लॅम्प, धुळीने भरलेला एअर फिल्टर, टर्बोच्या ॲक्च्युएटरची फाटकी व्हॅक्यूम नळी, खोटा आकडा सांगणारा सेन्सर, उंदराने कुरतडलेली वायर. होजची चीर शोधायला फार मोठं यंत्र लागत नाही. इंजिन थंड असताना जोडावरून हात फिरवा. हवा निसटत असेल तर तिथे तेलाचा ओलसर थर आणि त्यावर धूळ बसलेली हाताला लागते. होज किंचित वाकवली की घडीच्या आत दडलेली चीर उघडी पडते. भरल्या गाडीत चढावर शिट्टीसारखा आवाज येत असेल, तर तोही याच दिशेने बोट दाखवतो. एवढं न पाहता टर्बो बदलणारा माणूस दुरुस्ती करत नाही. तो अंदाज करतो आणि अंदाजाचे पैसे मालकाकडून घेतो.

दुसरा आरोप डिझेलचा. खराब डिझेलने गाडी बसते, हे शंभर टक्के खरं. कॉमन रेलच्या गाडीत डिझेलचा दाब हजार-दीड हजार बारच्या घरात जातो आणि इंजेक्टरचे भाग इतके बारीक बसवलेले असतात, की पाण्याचा अंश किंवा बारीक कचराही त्यांचं नुकसान करतो. पण आरोप करणाऱ्याने पुरावा द्यावा. फिल्टरच्या तळाचा नट सैल करून काचेच्या बाटलीत डिझेल काढलं, की पाणी खाली बसलेलं डोळ्यांना दिसतं. स्कॅनरवर रेलचा अपेक्षित दाब आणि प्रत्यक्ष दाब शेजारी शेजारी दाखवता येतात. हे मालकासमोर करावं, जॉब कार्डावर लिहावं, बाटली त्याच्या हातात द्यावी. मग मालक पंपावर जाऊन भांडेल आणि पुढच्या वेळी कुठे टाकी भरायची हेही ठरवेल. काहीही न दाखवता ‘डिझेल भेसळीचं’ म्हणत वॉरंटी नाकारणं हा अन्याय आहे.

तिसरा आरोप ड्रायव्हरवरचा. तो जास्त विचारपूर्वक केला जातो, म्हणून त्याला सविस्तर उत्तर द्यायला हवं. डीपीएफ म्हणजे सायलेन्सरच्या वाटेवर बसवलेली सिरॅमिकची जाळी. धुरातली काजळी ती अडवते आणि ठरावीक प्रमाणात साठली की जाळून टाकते. त्यासाठी जाळीचं तापमान सुमारे ६०० अंशांपर्यंत न्यावं लागतं आणि तेवढी उष्णता आणायला संगणक जास्तीचं डिझेल सोडतो. हे काम पुरं व्हायला गाडी काही वेळ सलग चालती राहावी लागते. ड्रायव्हर गल्लीबोळातून फिरला, दर दहा मिनिटांनी इंजिन बंद केलं, बाजार समितीच्या रांगेत तासभर न्यूट्रलवर उभा राहिला, तर काजळी जळत नाही, जाळी तुंबते, धुराला वाट मिळत नाही आणि गाडीची ताकद जाते. अर्धवट राहिलेल्या प्रयत्नांतलं डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं, ऑइल पातळ होतं आणि डिपस्टिकवर पातळी वाढलेली दिसते. ‘म्हणजे चूक ड्रायव्हरचीच,’ असा निष्कर्ष यातून काढला जातो.

तंत्राचं वर्णन बरोबर आहे, निष्कर्ष चूक आहे. पिकअप विकली जाते कशासाठी? शेतावरून भाजी उचलायला, गावोगाव पाण्याचे जार आणि गॅसची टाकी पोचवायला, किराणा दुकानासमोर दहा वेळा थांबायला. थोडं जाणं, थांबणं, पुन्हा निघणं हाच तिचा धंदा आहे. ज्या वापरासाठी गाडी विकली, त्याच वापराला नंतर गैरवापर ठरवता येत नाही. नारायणगावच्या टोमॅटोची गाडी वाशीला रात्री सलग पळते, तिची जाळी आपोआप साफ होत राहते. पण तीच गाडी दिवसभर तालुक्याच्या गावात फिरवणाऱ्याला वेगळी काळजी घ्यावी लागते. हे त्याला डिलिव्हरीच्या दिवशी कोणी सांगितलं? हार घालून, नारळ फोडून, पेढे वाटून चावी हातात दिली जाते. डीपीएफचा वेगळा दिवा लागला तर पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे गाडी सलग चालवायची, काम पुरं होईपर्यंत बंद करायची नाही, ऑइल नेमून दिलेल्या कमी राखेच्या प्रकाराचंच टाकायचं, कारण राख जळत नाही आणि जाळीत कायमची साठते, या गोष्टी मराठीत, तोंडी, गाडीजवळ उभं राहून समजावून सांगायला दहा मिनिटं पुरतात. ती दहा मिनिटं ज्यांनी दिली नाहीत, त्यांना ड्रायव्हरच्या अडाणीपणाबद्दल बोलण्याचा अधिकार नाही.

इथवर मी ज्यांच्याशी भांडलो ते एका बाजूचे. दुसऱ्या बाजूला आपल्यातलेच काही जण आहेत आणि त्यांचंही म्हणणं मी खोडून काढणार आहे. ते म्हणतात, ही सगळी कटकट सरकारने लादली. डीपीएफ कापून आतली जाळी काढून टाका, ईजीआरला पत्रा मारा, संगणकाचं प्रोग्रॅमिंग बदलून घ्या, गाडी पळेल.

गाडी काही दिवस पळेलही. पण १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ का आलं, हे आठवा. साडेतीन टनांपर्यंतच्या मालवाहू डिझेल गाड्यांच्या जड वर्गाला बीएस-४ मध्ये किलोमीटरमागे ६० मिलिग्रॅम कणांची मुभा होती. बीएस-६ मध्ये ती ४.५ मिलिग्रॅमवर आली. त्याचबरोबर डिझेलमधला गंधक दशलक्ष भागांत ५० वरून १० वर आणला गेला. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने डिझेलच्या धुराला २०१२ मध्ये निश्चित कर्करोगकारक ठरवलं आहे. हा धूर सगळ्यात जास्त कोण पितो? मार्केटमध्ये पहाटे तीनला गाड्यांच्या गर्दीत माल उतरवणारा हमाल, रांगेत केबिनमध्ये झोपलेला ड्रायव्हर, रस्त्याकडेला चहा विकणारी बाई. जाळी कापून आपण आपल्याच माणसांच्या छातीत काजळी भरतो. पीयूसीच्या तपासणीत गाडी पास होते, हा युक्तिवाद टिकत नाही. ती तपासणी धुराचा गडदपणा मोजते, डोळ्यांना न दिसणारे बारीक कण मोजत नाही.

शिवाय कायदा आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार परवानगीशिवाय गाडीत फेरबदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक फेरबदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. कापून देणारा फिटर त्या दिवशी तुमच्या शेजारी उभा नसेल. आणि एकदा प्रोग्रॅमिंग बदललं, की काढून टाकलेल्या यंत्रणेविषयीचा संगणकाचा इशारा मुका होतो. मग पुढे इंजिन खरोखर बिघडलं तरी वॉरंटी नाही, मूळ दोषही जागच्या जागी. जाळी तुंबली याचं कारण गळका इंजेक्टर किंवा ऑइल पिणारा टर्बो असेल, तर जाळी कापून तो दुरुस्त होत नाही, फक्त दिसेनासा होतो.

‘ड्रायव्हरची चूक’ म्हणणारे आणि ‘कापून टाका’ म्हणणारे एकमेकांचे विरोधक वाटतात, पण दोघांचाही धंदा एकाच अंधारावर चालतो. मालकाला कारण कळत नाही, म्हणून पहिला त्याला दटावू शकतो आणि दुसरा त्याला फसवू शकतो.

यावर एक शेवटचा आक्षेप येतो: दुरुस्तीची माहिती आणि स्कॅनर रस्त्यावरच्या मेकॅनिकच्या हाती दिले, तर तो गाडीची वाट लावेल, सुरक्षिततेसाठी हे अधिकृत केंद्रापुरतंच ठेवायला हवं. हा युक्तिवाद आपल्याकडे एकदा तपासून झाला आहे. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने सुटे भाग, तांत्रिक माहिती आणि तपासणीची साधनं स्वतंत्र गॅरेजांना न देणाऱ्या १४ मोटार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला होता आणि ही माहिती खुली करायला सांगितलं होतं. प्रकरण पुढे न्यायालयांत गेलं, पण आयोगाने मांडलेलं तत्त्व स्पष्ट आहे. युरोपीय संघाच्या २००७ च्या नियमानेही स्वतंत्र दुरुस्ती करणाऱ्यांना माहिती देणं उत्पादकावर बंधनकारक केलं होतं. आपल्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पोर्टल सुरू केलं. त्यात वाहनांचं क्षेत्र मुद्दाम घेतलेलं आहे. मग पाटण किंवा सुरगाण्याच्या पिकअपवाल्याला कोड वाचून घ्यायला जिल्ह्याच्या गावापर्यंत गाडी टो करून का न्यावी लागते? रस्त्यावरचा मेकॅनिक आजही ती गाडी उघडतोच. माहिती न दिल्याने तो थांबत नाही, फक्त अंदाजाने काम करतो.

ताकद किती आणि कशी कमी करायची, हाही दगडावर कोरलेला नियम नाही. अमेरिकेत डिझेल ट्रकमधलं, धूर स्वच्छ करायला लागणारं युरियाचं द्रावण संपलं की वेग ताशी पाच मैलांपर्यंत खाली आणला जात असे. शेतकरी आणि ट्रकवाल्यांच्या तक्रारींनंतर तिथल्या पर्यावरण संरक्षण संस्थेने ऑगस्ट २०२५ मध्ये नवी मार्गदर्शक सूचना काढली: २०२७ च्या मॉडेलपासून द्रावण संपल्यावर गाडीची ताकद अचानक आणि तीव्रपणे जाणार नाही, अशीच रचना हवी. हवा स्वच्छ ठेवायचीच आहे. पण चालत्या रस्त्यावर माणसाला अडचणीत न टाकता, टप्प्याटप्प्याने इशारा देऊन ते करता येतं. घाटात ओव्हरटेक करायला बाहेर काढलेली गाडी समोरून ट्रक येत असताना बसली, तर चूक कुणाची याचा निवाडा करायला ड्रायव्हर उरणार नाही.

म्हणून मागण्या साध्या आहेत. ताकद कमी करण्याआधी गाडीने कारण मराठीसह भारतीय भाषांत, शब्दांत सांगावं आणि सुरक्षित जागा गाठण्याइतका अवधी द्यावा. जॉब कार्डावर ‘ओढ कमी, ओके’ असं न लिहिता सापडलेला कोड, तो पडला तेव्हाचे दाब-तापमानाचे आकडे आणि केलेलं काम लिहावं. ती प्रत मालकाला मिळावी. तक्रार चढावरची असेल तर ट्रायल भरल्या गाडीने, चढावर व्हावी. सर्वसाधारण दोषांचे कोड आणि त्यांच्या तपासणीची पद्धत वाजवी दरात कोणत्याही मेकॅनिकला मिळावी.

या मागण्यांमधली जॉब कार्डाची मागणी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ११०-अ नुसार सदोष गाड्या परत बोलावण्याचा आदेश सरकार देऊ शकतं. पण मालकांच्या तक्रारींवरून तसं व्हायचं, तर त्या एका आकड्यात जमा व्हाव्या लागतात. एकाच मॉडेलच्या शंभर गाड्या शंभर ठिकाणी एकाच कोडने बसल्या आणि शंभर जॉब कार्डांवर ‘ओके’ लिहिलं गेलं, तर तो दोष कागदावर जन्मालाच येत नाही. प्रत्येक मालकाला वाटतं, माझंच नशीब खोटं.

तेव्हा पिकअपवाल्यांनो, पुढच्या वेळी गाडी बसली तर काउंटरवर मान खाली घालून उभे राहू नका. दिवा कधी लागला, कितव्या गिअरमध्ये, किती माल होता, चावी फिरवल्यावर काय झालं, हे लिहून न्या. स्कॅनर आपल्यासमोर लावायला सांगा, कोड कार्डावर लिहून घ्या, जुना काढलेला भाग मागून घ्या. तालुक्याच्या संघटनेने ही कार्डं एकत्र ठेवावीत आणि एकच कोड वारंवार दिसू लागला, तर ती घेऊन परिवहन विभागाकडे आणि ग्राहक आयोगाकडे जावं. गाडीतला संगणक आपल्याविरुद्ध साक्ष देत नाही, आपल्या बाजूने देतो. ती साक्ष मागून घेणं हा आपला हक्क आहे आणि तो बजावल्याशिवाय कोणी आपणहून देणार नाही.